सार्वजनिक मेलिंग लिस्टवरचा स्पॅम: पाखडणं, चाळणं आणि हाताने निवडणं

आमच्या मेलिंग लिस्टवर मराठी संगणक-शब्दांची चर्चा चालते. सहाशेच्या आसपास सदस्य आहेत, पत्ता सगळ्यांसाठी खुला आहे आणि जुनी पत्रं कोणालाही वाचता येतात. काही वर्षांपूर्वी एका रविवारी तपासणीच्या रांगेत ३४० पत्रं साचलेली दिसली. वरची वीस-पंचवीस पाहिली. सगळी कर्जाची नाहीतर ‘तुमची वेबसाइट गूगलवर वर आणून देतो’ छापाची. ‘सगळी टाकून द्या’ यावर बोट ठेवणार, एवढ्यात मध्येच एक देवनागरी विषय दिसला. बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र होतं. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ असे शब्द शुद्धलेखन तपासणीत चुकीचे का दिसतात, असा नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता. पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते. मी उत्तर लिहिलं, क्षमा मागितली. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही.

तेव्हापासून मी एकच आकडा बघतो: अनोळखी माणसाचं पहिलं खरं पत्र लिस्टवर पोचायला किती तास लागले. किती स्पॅम अडला हे त्यानंतर.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर एके काळी जगभरच्या मराठी मंडळींचा स्वतःचा चर्चागट होता, सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी. युजनेटला राखणदार जवळजवळ नव्हतेच. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो गटांवर एकदम टाकली आणि तिथून तो पूर कधी ओसरला नाही. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगल ग्रुप्सने युजनेटशी असलेली जोडणी बंद केली, तेव्हा दिलेल्या कारणांत तिथे आता बहुतेक स्पॅमच येतो हेही एक होतं. दार सताड उघडं ठेवलं तर जागा अशी मरते. दार घट्ट लावलं तर नवीन माणूस येत नाही आणि तीच जागा दहा वर्षांनी गपचूप मरते.

आपल्याकडे धान्य साफ करताना आधी सुपात पाखडतात, मग चाळतात, आणि शेवटी ताटात पसरून खडे हाताने वेचतात. क्रम उलटा केला तर दिवस जातो आणि खडे राहतातच. लिस्टचंही तसंच आहे. पुढचं सगळं पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं), आरस्पॅमडी (स्पॅम ओळखणारं) आणि मेलमन ३ (लिस्ट चालवणारं) हे तीन सॉफ्टवेअर असलेल्या लिनक्स सर्व्हरला धरून लिहिलं आहे, कारण मी तेच चालवतो. तुमची लिस्ट गूगल ग्रुप्सवर असेल तर पाखडण्याचा भाग सोडून द्या, हाताने निवडण्याचा मात्र नक्की वाचा.

आधी आठवडाभर फक्त बघा

काहीही बदलण्याआधी सात दिवस येणाऱ्या मेलची नोंद ठेवा. मेलमन ३ मध्ये एका लिस्टला नऊ पत्ते असतात: मुख्य पत्ता, आणि त्याच्या पुढे ओनर, रिक्वेस्ट, जॉइन, लीव्ह, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब, कन्फर्म आणि बाउन्सेस असे शेपूट लावलेले आठ. स्पॅम यातल्या कुठल्या पत्त्यावर येतो हे मोजा. आमच्याकडे जवळजवळ निम्मा स्पॅम ओनरच्या पत्त्यावर येत होता आणि तो थेट आम्हा तिघांच्या पेटीत पडत होता. त्यामुळे रांग रिकामी असली तरी आम्ही वैतागलेलेच असायचो, आणि वैतागलेला माणूस खरी पत्रंही भराभर टाकून देतो.

याच आठवड्यात दोन फोल्डर करा, एक पक्क्या स्पॅमचा, एक पक्क्या खऱ्या पत्रांचा. शंका असलेलं पत्र दोन्हीकडे टाकू नका. प्रत्येकात निदान दोनशे पत्रं हवीत. हा आकडा कुठून आला ते पुढे येईल.

आणखी एक, फार महत्त्वाचं: खऱ्या पत्रांच्या फोल्डरात लिस्टकडून परत आलेली प्रत ठेवू नका, सर्व्हरवर आलेली मूळ प्रत ठेवा. लिस्टच्या प्रतीत विषयाआधी चौकटी कंसातलं लिस्टचं नाव आणि खाली तळटीप असते. स्पॅम ओळखणारी गाळणी त्यावर शिकली, तर ‘लिस्टचं नाव असलेलं पत्र म्हणजे चांगलं पत्र’ एवढंच शिकते. मग एखादा स्पॅमर संग्रहातल्या पत्राला उत्तर दिल्यासारखं दाखवून ते नाव विषयात ठेवतो आणि आरामात आत येतो. ही चूक मी केलेली आहे. तिच्यामुळे सगळं शिक्षण पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली.

पाखडणं: दारातच परत पाठवणं

सर्व्हरशी संपर्क साधणारी बरीच यंत्रं ही बाधित संगणक असतात. त्यांचं पत्र वाचण्याचीसुद्धा गरज नसते. ती कशी वागतात यावरूनच ओळखू येतात.

पहिलं काम पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी सुरू करणं. पोस्टफिक्सच्या २.८ आवृत्तीपासून तो सोबतच येतो. कोणी जोडणी केली की पोस्टस्क्रीन आपलं अभिवादन पूर्ण करायला सहा सेकंद थांबतो. नियमाप्रमाणे समोरच्याने आपलं अभिवादन ऐकूनच बोलायचं असतं. घाईतली स्पॅमयंत्रं थांबत नाहीत, आधीच बोलू लागतात, आणि तिथेच पकडली जातात. एवढ्या साध्या युक्तीने आमच्याकडची गर्दी बरीच ओसरली. पोस्टस्क्रीनमध्ये यापुढच्या सखोल चाचण्याही आहेत. त्या मुळात बंद असतात आणि बंदच ठेवा. त्यांच्यात खऱ्या सर्व्हरलाही एकदा परत पाठवलं जातं. मोठ्या कंपन्यांचे मेल दर वेळी वेगळ्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेगळ्या पत्त्यावरून, पुन्हा येतात, त्यामुळे एखादं साधं पत्र तासन्‌तास दाराबाहेर घुटमळतं.

दुसरं काम काळ्या याद्यांचं, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्यांचं. स्पॅमहॉस या संस्थेची झेन नावाची एकत्रित यादी छोट्या, अव्यावसायिक सर्व्हरना ठरावीक मर्यादेत विनामूल्य विचारता येते. इथे एक खड्डा आहे आणि त्यात माणसं वारंवार पडतात. यादीला प्रश्न डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतून, विचारला जातो. तुमचा सर्व्हर गूगलचा चार-आठवाला (८.८.८.८) किंवा तसला कुठलाही सार्वजनिक डीएनएस वापरत असेल, तर स्पॅमहॉस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटी सांगणारा संकेत पाठवतं. ‘काहीही उत्तर आलं म्हणजे पत्ता यादीत आहे’ असं तुम्ही पोस्टफिक्सला सांगून ठेवलेलं असेल, तर त्या क्षणापासून जगातला प्रत्येक मेल नाकारला जातो. लिस्ट एकदम शांत होते आणि स्पॅम थांबला म्हणून आपण खूष होतो.

म्हणून क्रमाने करा. आधी सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस बसवा आणि सर्व्हर तोच वापरतो आहे याची खात्री करा. मग यादीला चाचणीचा पत्ता १२७.०.०.२ विचारा. तो उलट्या क्रमाने लिहून विचारायचा असतो आणि तो नेहमी यादीत सापडायला हवा. १२७.०.०.१ मात्र सापडता कामा नये. दोन्ही नीट जमलं की पोस्टस्क्रीनला सांगा, की फक्त १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांपैकी उत्तर आलं तरच ते धर.

झेन यादीत घरगुती इंटरनेट जोडण्यांचे पत्तेही असतात. तसल्या पत्त्यांवरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल जाऊ नये हा त्यामागचा हेतू आहे. म्हणून ही तपासणी बाहेरून येणाऱ्या २५ क्रमांकाच्या पोर्टवरच लावा. तुमचे स्वतःचे लोक पासवर्ड देऊन ५८७ वरून पाठवत असतील तर तिथे ती अजिबात नको. नाहीतर सहकारी मॉडरेटरच घरून मेल पाठवू शकत नाही.

तिसरं: ज्या पाठवणाऱ्याच्या डोमेनला (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला) डीएनएसमध्ये अस्तित्वच नाही तो मेल नाकारा, आणि नसलेल्या पत्त्यावर आलेला मेलही तिथेच नाकारा. या ‘तिथेच’ला अर्थ आहे. जोडणी चालू असतानाच ५५० संकेत देऊन नाकारलं, तर खऱ्या माणसाला त्याचाच सर्व्हर कळवतो की पत्र गेलं नाही, आणि तो दुसऱ्या मार्गाने संपर्क करू शकतो. आधी स्वीकारून नंतर ‘तुमचं पत्र नाकारलं’ असं उत्तर पाठवलं, तर ते पत्रावर लिहिलेल्या खोट्या पत्त्यावर जातं, म्हणजे भलत्याच निरपराध माणसाच्या माथी. असं फार झालं की तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जातो.

नाकारण्याच्या संदेशात एक ओळ माणसासाठी लिहा. आमच्याकडे तिथे एका साध्या वेबपानाचा दुवा आहे. त्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे की हे पत्र यंत्राने अडवलं, चूक वाटत असेल तर असं-असं कळवा. वर्षाला दोन-चार जणच ते वाचून कळवतात, पण ती दोन-चार माणसं हवीच असतात.

ओळख पटवणं, आणि आपलीही पटवून देणं

यावर थोडक्यात लिहितो. एसपीएफ सांगतं की या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून येतात. डीकिम म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. डीमार्क या दोन्हींचा पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ बसतो का ते पाहतं. येणाऱ्या मेलवर तिन्ही तपासा, आरस्पॅमडी ते आपणहून करतं. पण यातलं एखादं नापास झालं म्हणून पत्र फेकू नका. माजी विद्यार्थ्यांना कॉलेजने दिलेले, मेल पुढे पाठवणारे पत्ते असतात, त्यांच्यावरून आलेली खरी पत्रं इथे हमखास नापास होतात. एका ठिकाणी मात्र कडक राहा: पत्र सदस्याच्या नावाने आलं आहे आणि डीमार्क नापास आहे, तर ते थांबवाच. संग्रह खुला असल्यामुळे सदस्यांचे पत्ते मिळवणं सोपं असतं आणि सदस्याच्या नावाने घुसणं ही जुनी युक्ती आहे.

जाणाऱ्या मेलची कहाणी वेगळी आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘डीमार्क नापास झालेलं पत्र नाकारा’ असं जाहीर केलं आणि जगभरच्या लिस्टवर गोंधळ उडाला. लिस्ट विषयात आपलं नाव घालते, खाली तळटीप जोडते, त्यामुळे मूळ सही मोडते. मग याहूच्या सदस्याने लिहिलेलं पत्र जीमेलच्या सदस्याकडे पोचतच नाही, उलट जीमेलवाल्या सदस्याचं सदस्यत्व ‘मेल परत येतो’ म्हणून बंद पडतं. मेलमनमध्ये यावर उपाय आहे. डीमार्कच्या पानावर ‘पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घाला’ हा पर्याय निवडा, आणि तो सरसकट न लावता ज्या डोमेनचं धोरण कडक आहे त्यांच्यापुरताच लावा. आपल्या डोमेनचं एसपीएफ आणि डीकिम पक्कं करा.

हे स्पॅम गाळण्यात का येतं? कारण तुमच्या लिस्टमधून सुटलेला एक स्पॅम सहाशे पेट्यांत जातो आणि तिथे तो पाठवणारे तुम्ही ठरता. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना गूगलच्या आणखी अटी आहेत, आणि सहाशे सदस्यांपैकी बहुतेक जण जीमेलवर असतील तर नऊ-दहा पत्रांची गरम चर्चा झाली की तो आकडा जवळ येतो.

चाळणं: मजकुरावरून गुण देणं, आणि मराठीची अडचण

आता उरलेली पत्रं आरस्पॅमडीकडे जातात. ते प्रत्येक पत्राला अनेक कसोट्यांवर गुण देतं. मुळातली मांडणी अशी: ४ गुणांना ग्रेलिस्टिंग, म्हणजे ‘थोड्या वेळाने या’ असं सांगणं, ६ ला पत्रावर स्पॅमची खूण करणं, १५ ला नाकारणं. स्पॅमअसॅसिन हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ५ गुणांची एकच रेघ असते. या रेघा खाली ओढण्याचा मोह आवरा. मी १५ ची १० करून पाहिली आणि दुसऱ्याच आठवड्यात मागे घेतली. नाकारण्याची रेघ उंचच राहू दे, मधल्या पट्ट्यातली पत्रं माणसाने बघायची आहेत.

ग्रेलिस्टिंगबद्दल माझं मत हे: सगळ्यांना लावू नका, संशयितांनाच लावा. आरस्पॅमडी मुळात तसंच करतं. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, घाईतलं यंत्र बहुधा येत नाही, आणि तेवढ्या वेळात काळ्या याद्याही ताज्या होतात. यासाठी रेडिस (नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) चालू असावं लागतं, ते बसवायला विसरू नका.

मेलमनशी सांधा असा जोडायचा. ६ गुणांवरच्या पत्राला आरस्पॅमडी ‘एक्स-स्पॅम’ नावाचं शीर्षक (हेडर, म्हणजे पत्रासोबत जाणारी, एरवी न दिसणारी ओळ) लावतं, त्याची किंमत ‘येस’. मेलमनच्या वेबपानावर, म्हणजे पोस्टोरियसमध्ये, लिस्टच्या सेटिंगमध्ये शीर्षक-गाळणीचं पान आहे. तिथे हे शीर्षक, ही किंमत आणि कृती ‘होल्ड’ (रांगेत थांबवा) असा नियम घाला. ‘डिस्कार्ड’ (न कळवता टाकून द्या) घालू नका. खुणेचं पत्र जुन्या सदस्याकडून आलं तरी थांबेल, आणि ते योग्यच आहे, कारण सदस्यांची खातीही चोरीला जातात.

आता शिकवणं. शब्दांच्या शक्यतांवरून ओळखणारी जी बेझची गाळणी आहे, ती आरस्पॅमडी आणि स्पॅमअसॅसिन या दोन्हींमध्ये साधारण २०० स्पॅम आणि २०० खरी पत्रं शिकल्याशिवाय बोलतच नाही. म्हणून सुरुवातीचे ते दोन फोल्डर. पहिल्यांदा दोन्ही शिकवा, मग दर आठवड्याला चुकलेली पत्रं तेवढी शिकवा. गाळणीला आपणहून शिकण्याची मुभा देण्याचा पर्याय असतो. लहान लिस्टसाठी तो मी बंद ठेवतो, कारण एकदा चुकीचं शिकली की ती त्याच चुकीवर आणखी शिकत जाते.

यापुढचं मराठी लिस्ट चालवणाऱ्यांसाठी आहे, कारण हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही.

त्या शिक्षकांचं पत्र सदस्य नसल्यामुळे रांगेत गेलं हे खरं, पण त्याला स्पॅमचे गुणही पडले होते. कशाने पडले ते नंतर उलगडलं. मराठीतला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एक म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि य. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. स्पॅमर मंडळी इंग्रजी शब्दांच्या मधे अशीच अदृश्य चिन्हं पेरतात, म्हणजे शब्द वाचता येतो पण यंत्राला ओळखू येत नाही. म्हणून गाळण्यांमध्ये अदृश्य चिन्हं दिसली की गुण वाढवणारे नियम असतात. ज्या पत्रात ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे दहा शब्द दुसऱ्या पद्धतीने टंकलेले आहेत, ते अशा नियमाला दहा वेळा शब्द लपवल्यासारखं दिसतं. त्या पत्रात तर प्रश्नच ‘ऱ्या’चा होता! तुमच्या लॉगमध्ये खऱ्या मराठी पत्रांना कुठल्या नियमांनी गुण पडले ते बघा. असा नियम दिसला तर त्याचं वजन शून्यावर आणा. बाकी नियम आपापलं काम करतात.

विषयाची ओळही तपासा. देवनागरी विषय मेलमध्ये सरळ जात नाही, सांकेतिक रूपात गुंडाळून जातो. ‘विषय पूर्णपणे सांकेतिक आहे’ यासाठी गुण देणारा एखादा नियम कोणीतरी हाताने घातलेला असेल तर तो काढा. भाषा ओळखणाऱ्या नियमांवर, विशेषतः छोट्या पत्रांत, विसंबू नका. देवनागरी म्हटल्यावर मराठी-हिंदी वेगळी करायला त्यांना पुरेसा मजकूर लागतो, आणि रोमन लिपीत लिहिलेलं ‘mala ek shanka ahe’ छापाचं मराठी तर त्यांच्या लेखी कुठलीच भाषा नसते. शिवाय काही ज्येष्ठ सदस्य अजूनही श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवतात. फॉन्ट नसेल तर तो निव्वळ अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो, यंत्रालाही आणि आपल्यालाही. असं पत्र थांबलं तर टाकू नका. युनिकोडमध्ये बदलून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यात बहुधा दुसरीकडे न मिळणारी माहिती असते.

आणि आकाराची मर्यादा. मेलमनमध्ये ती मुळात ४० केबी असते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, मेलसाठी गुंडाळलं की चार. म्हणजे ४० केबीत जेमतेम दहा हजार चिन्हं मावतात. त्यात फोनवरून आलेल्या पत्रात साध्या मजकुरासोबत त्याचीच एचटीएमएल (वेबपानासारखी सजवलेली) प्रत असते, म्हणजे हिशेब पाच हजारांच्याही खाली येतो. चार उत्तरं खाली जोडलेली मराठी चर्चा सहज रांगेत अडकते आणि ती रांग स्पॅमने भरली आहे असं आपल्याला वाटत राहतं. आम्ही मर्यादा २०० केबी केली आहे.

एचटीएमएलचं काय करावं? लिनक्स कर्नलच्या मुख्य लिस्टवर एचटीएमएल पत्र घेतच नाहीत, फक्त साधा मजकूर चालतो, आणि जाहिरातींचा मोठा भाग त्यानेच बाहेर राहतो. तिथे लिहिणारे सगळे प्रोग्रामर आहेत, त्यांना ते जमतं. आपल्या लिस्टवर एखाद्या आजींना ‘साध्या मजकुरात पाठवा’ असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. मेलमनच्या मजकूर-गाळणीत एचटीएमएल काढून साधा मजकूर ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा. एचटीएमएलमधली चित्रं गळतात आणि पत्र मात्र पोचतं.

सदस्यत्वाचं दार

मेलमनमध्ये दोन गोष्टी ठरवायच्या असतात: सदस्य नसलेल्याच्या पत्राचं काय, आणि नव्या सदस्याच्या पत्राचं काय.

सदस्य नसलेल्यांसाठी ‘होल्ड’ ठेवा. कित्येक लिस्ट इथे ‘डिस्कार्ड’ ठेवतात आणि पत्र कोणालाही न कळता नाहीसं होतं. ‘रिजेक्ट’, म्हणजे कळवून नाकारणं, ठेवलं तर खोट्या पत्त्यांवर उत्तरं जातात. पाखडणं आणि चाळणं नीट झालेलं असेल तर रांगेत रोज पाच-सात पत्रंच उरतात, तेवढी माणसाला झेपतात.

नव्या सदस्यांसाठीही सुरुवातीला ‘होल्ड’. लिस्टच्या संदेश-स्वीकृतीच्या पानावर सदस्यांची मूळ कृती ‘होल्ड’ करा. हे करण्याआधी आत्ताच्या सगळ्या सदस्यांना ‘अ‍ॅक्सेप्ट’ लावून घ्या, नाहीतर वीस वर्षं लिहिणाऱ्यांचीही पत्रं अडकतात आणि ते रागावतात, रास्तच. मग नव्या सदस्याचं पहिलं खरं पत्र आलं की त्याच्या सदस्य-पानावर जाऊन त्याला मोकळं करा. हे लगेच करा. ‘आणखी दोन पत्रं बघू’ म्हटलं की विसरतंच.

काही स्पॅमर सदस्य होऊन महिनोन्‌महिने गप्प बसतात आणि मग एकदम लिहितात. त्यांच्यासाठीच पहिलं पत्र तपासायचं, सदस्यत्वाची तारीख नाही.

नाव नोंदवण्याची पद्धत ‘मेलवरून खात्री’ अशीच हवी. पण इथे उलट बाजूने त्रास होऊ शकतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी यंत्राने हजारो लिस्टच्या नोंदणी-अर्जांत ठरावीक लोकांचे पत्ते भरले आणि त्या लिस्टकडून आलेल्या मेलनी त्यांच्या पेट्या बुडवल्या. बळींमध्ये अमेरिकी सरकारी पत्तेही होते. ज्या लिस्ट वापरल्या गेल्या त्यांचे चालक बेसावध होते एवढंच. तेव्हा नोंदणीच्या वेब-अर्जावर कॅप्चा किंवा तसला अडसर ठेवा आणि एका आयपीवरून तासाला किती नोंदण्या होऊ शकतात यावर मर्यादा घाला. लिस्टच्या पत्त्यांवरची स्वयंचलित उत्तरं सगळी बंद करा.

हाताने निवडणं

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम हे आहे आणि यासाठी माणसं लागतात. एकट्याने लिस्ट सांभाळू नका. तिघं असा, आणि जमलं तर वेगवेगळ्या देशांत. आमच्यातली एक ताई न्यू जर्सीत असते. इथे रात्र झाली की तिची दुपार असते, त्यामुळे कुठलंही पत्र बारा तासांवर क्वचितच थांबतं. आठवड्याची पाळी ठरवून घ्या. ‘ज्याला वेळ असेल तो बघेल’ म्हटलं की कोणीच बघत नाही.

रांग उघडल्यावर आधी खरी पत्रं शोधून पुढे पाठवा आणि मगच बाकीची टाका. ‘सगळी टाका’ हे बटण मी वापरत नाही. सुरुवातीला गोष्ट सांगितली ती त्यासाठीच.

खरं-खोटं ओळखताना मी तीन गोष्टी बघतो. पत्र या लिस्टला लिहिलं आहे का? म्हणजे चालू चर्चेतला एखादा शब्द, एखादी अडचण, एखादं नाव त्यात आहे का? ‘फार माहितीपूर्ण चर्चा, धन्यवाद’ एवढंच लिहून खाली कंपनीचा दुवा असेल, तर ते पत्र हजार ठिकाणी गेलेलं असतं. हल्ली अशी पत्रं यंत्राने लिहिलेली, गोड आणि व्याकरणशुद्ध असतात. त्यामुळे भाषेच्या चुका म्हणजे स्पॅम हा जुना ठोकताळा उलटा झाला आहे. खऱ्या माणसाच्या पहिल्या पत्रात टंकनाच्या चुका असतात, संकोच असतो आणि प्रश्न असतो. दुसरं, दुवा कुठे नेतो? आणि तिसरं, उत्तर ज्या पत्त्यावर जाणार तो पाठवणाऱ्याच्या पत्त्याहून वेगळा आहे का? तो वेगळा असेल तर दोनदा बघा.

विषय सोडून लिहिलेलं, पण खऱ्या माणसाचं पत्र आलं, तर ‘रिजेक्ट’ हा पर्याय तिथे वापरा आणि कारण स्वतःच्या शब्दांत लिहा. आमच्याकडे एका मुलाने बायोडेटा पाठवून नोकरी मागितली होती. त्याला ‘इथे नोकऱ्या नसतात, पण मराठीकरणाचं काम शिकायचं असेल तर असं सुरू कर’ असं उत्तर गेलं. तो आज पाळीतला तिसरा माणूस आहे.

गूगल ग्रुप्सवर हेच थोड्या वेगळ्या जागी असतं. कोण लिहू शकतं तिथे ‘वेबवरचं कोणीही’ ठेवायचं असेल, तर सदस्य नसलेल्यांची पत्रं तपासणीत जातील असं करा, नव्या सदस्यांची पत्रंही तपासणीत घ्या, आणि संशयित स्पॅम ‘लगेच नाकारा’ असं न ठेवता तपासणीत ठेवून सूचना मागवा. प्रलंबित पत्रांचं पान आठवड्यातून तीनदा तरी उघडा.

संग्रहातून काढणं

सुटलेला स्पॅम पेट्यांतून परत आणता येत नाही, संग्रहातून मात्र काढता येतो, आणि काढाच. बरेच स्पॅमर सदस्यांसाठी लिहितच नाहीत. तुमच्या जुन्या, विश्वासार्ह संग्रहात आपला दुवा राहावा एवढीच त्यांची इच्छा असते.

डेबियन प्रकल्पाची पद्धत मला फार आवडते. त्यांच्या लिस्ट बहुतांशी सदस्य नसलेल्यांनाही खुल्या आहेत. त्यांच्या संग्रहात प्रत्येक पत्रापाशी ‘स्पॅम म्हणून कळवा’ असं बटण आहे, ते कोणीही दाबू शकतं. पण तेवढ्याने पत्र जात नाही. कळवलेली पत्रं डेबियनचे लोक डोळ्यांखालून घालतात आणि मगच काढतात. कळवायला सगळे आणि ठरवायला जबाबदार माणसं.

लहान लिस्टला बटण नसलं तरी चालतं. आम्ही तळटीपेत ओनरचा पत्ता दिला आहे आणि लिहिलं आहे की स्पॅम दिसला तर लिस्टवर तक्रार करू नका, या पत्त्यावर दुवा पाठवा. लिस्टवर तक्रार झाली की स्पॅमपेक्षा तक्रारींचीच पत्रं जास्त होतात. मेलमन ३ च्या हायपरकिटी संग्रहात व्यवस्थापकाला पत्र काढून टाकता येतं. जुन्या मेलमन २ चा संग्रह असेल तर सावध राहा. त्यात मूळ फाइलमधून पत्र काढून संग्रह नव्याने बांधला की पुढच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक सरकतात आणि लोकांनी इतरत्र दिलेले दुवे भलत्याच पत्रांवर जातात. तिथे पत्र काढू नका. त्याचा मजकूर पुसून ‘हे पत्र स्पॅम असल्याने काढलं’ अशी ओळ ठेवा.

पूर आला तर

एखाद्या रात्री सदस्याचं खातं चोरीला जातं आणि दहा मिनिटांत चाळीस पत्रं येतात. मेलमनमध्ये ‘आपत्कालीन तपासणी’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की सगळ्यांची पत्रं थांबतात. तो कुठे आहे हे तिन्ही मॉडरेटरना आधीच माहीत हवं आणि तिघांनी एकदा तो लावून-काढून बघितलेला हवा. मग त्या सदस्याला ‘होल्ड’ लावा, त्याला फोन करा. मेल करून उपयोग नाही, मेल चोरच वाचतो. रांग निवडा, संग्रह साफ करा आणि तपासणी उठवा. लिस्टवर एकच छोटं पत्र टाका: काय झालं आणि आता सगळं सुरळीत आहे. सदस्याचं नाव त्यात घालू नका.

शनिवारी सकाळी मी चहा घेत आठवड्याचा लॉग बघतो. दारातच नाकारलेल्यांची यादी चाळतो आणि त्यात एखादं कॉलेज, ग्रंथालय, नगरपालिका असं डोमेन दिसलं तर थांबतो. बहुतेक वेळा त्यांच्या सर्व्हरची मांडणी बिघडलेली असते, एखाद्या संगणकात विषाणू शिरून आयपी काळ्या यादीत गेलेला असतो, आणि त्यांना ते ठाऊक नसतं. त्यांच्या वेबसाइटवर फोन नंबर असतो. मी फोन करून तिथल्या संगणक सांभाळणाऱ्याला सांगतो, आणि ज्याचं पत्र परत गेलं त्याला ते पुन्हा पाठवायला सांगा म्हणून विनंती करतो.